चौथ्यानंतर तिसरं

मिलवॉकी, सोमवार, १९ सप्टेंबर १९८३

प्रिय कॉनराड,

तुझा पत्ता आईकडून घेतला. तिला वही शोधावी लागली नाही, घर नंबरापासून पिनकोडापर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवला. माझा पत्ता तिला विचारला तर ती म्हणेल, "तीच ती, बेकरीच्या वर राहते."

मुद्द्याचं सांगते. तुझा नवा चित्रपट या आठवड्याच्या आमच्या यादीत आला आहे. उद्या सकाळी समीक्षकांसाठी खेळ, बुधवारी आमचं चित्रीकरण, शुक्रवारी चित्रपट थिएटरात, आणि शनिवारी संध्याकाळी मी आणि हॉलिस प्रेंटिस टीव्हीवर त्याच्याबद्दल भांडणार किंवा भांडणार नाही.

मी आमच्या निर्मातीकडे, थेल्माकडे गेले आणि म्हटलं, मला यातून वगळ. दिग्दर्शक माझा सख्खा भाऊ आहे, चार वर्षं माझ्याशी बोललेला नाही, आणि न बोलण्याचं कारण हाच कार्यक्रम आहे. थेल्मा सँडविच खात होती. ती म्हणाली, "मग तर तुला बोलायलाच हवं. तू बोलली नाहीस तर त्याच्या वाट्याला एकटा हॉलिस येईल. भावावर एवढा राग आहे का तुझा?"

हे खरं आहे, पण थेल्मा ते माझ्या भल्यासाठी म्हणाली की कार्यक्रमाच्या, हे मला ठरवता आलेलं नाही. मी हो म्हटलं ते तरी कुणाच्या भल्यासाठी, हेही नाही.

तू आमचा कार्यक्रम बघत नाहीस असं आई सांगते, म्हणून थोडी माहिती. तुला आठवतो तो तळघरातला स्टुडिओ आता नाही. पाडलेल्या थिएटरातून आणलेल्या त्या दोन खुर्च्या मात्र त्याच आहेत; माझ्या खुर्चीची स्प्रिंग अजून टोचते. टीव्हीवर समीक्षक म्हणजे बातम्यांच्या शेवटी, हवामानाच्या आधी, मिशा पिळून दीड मिनिट कोट्या करणारा माणूस, असा एक काळ होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एकाने मत दिलं तर ते व्याख्यान होतं आणि दोघांनी दिलं तर नाटक. शिकागोच्या त्या दोन समीक्षकांचं देशभर चाललं आणि प्रत्येक स्टेशनला भांडणारी जोडी हवी झाली. एका स्टेशनने जोडीबरोबर पोपटही ठेवला होता. वाईट चित्रपट आला की तो किंचाळायचा. तो लवकरच मेला. हॉलिस म्हणतो, त्याला सगळे चित्रपट दाखवत होते, ती चूक झाली.

आमच्याकडे पोपट नाही. आमच्याकडे एक नियम आहे. चित्रपट पाहिल्यापासून कॅमेरा सुरू होईपर्यंत मी आणि हॉलिस त्याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोलत नाही. छोट्या प्रेक्षागृहात तो डावीकडे बसतो, मी उजवीकडे, बाहेर पडताना हवामानावर बोलतो. त्यामुळे भांडण ताजं राहतं. पावावर लोणी लावायचं तर पाव गरम असताना, असं थेल्मा म्हणते. या नियमावर आम्ही आपल्या गावातून निघून देशातल्या कितीतरी सार्वजनिक टीव्ही स्टेशनांवर पोचलो.

तुझ्या पहिल्या चित्रपटाबद्दल मी त्याच खुर्चीवरून म्हणाले होते की ही दोन तासांची प्रस्तावना आहे. दिग्दर्शक माझा भाऊ आहे, हे आधी सांगून म्हणाले होते. आईने त्या दिवशी सगळ्या शेजाराला कॉफी-केकला बोलावलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तेच म्हणाले असते. आजही म्हणेन.

या वेळी गोष्ट बाबांची आहे, असं आई सांगते. त्यांचा बोलिंगचा अड्डा, चेंडू सोडायचे ते सहा लाकडी पट्टे, वरचा बार, सगळं. उद्या बघेन. मला जे वाटेल ते बोलेन. हे तुला आधी कळवणं म्हणजे धमकी नाही, सभ्यपणा आहे. आत्ता परत वाचलं तर थोडीशी धमकीच वाटतेय. तरी टाकते.

बर्नडीन

•

बुधवार, २१ सप्टेंबर

कॉनराड,

चित्रीकरण संपवून सरळ स्टेशनच्या उपाहारगृहात येऊन लिहितेय. शनिवारी तू बघशीलच, किंवा बघणार नाहीस. म्हणून मीच सांगते, आणि जपून सांगायचं काही कारण मला दिसत नाही: तू फार मोठं काम केलं आहेस.

सुरुवातीचा भाग मला ओळखीचा वाटला, आणि ओळखीचं म्हणजे चांगलं असं मी मानत नाही. बार, बिअरचे पेले, पट्ट्यांवर गडगडणारे चेंडू, शुक्रवारचे तळलेले मासे. मी मनात शेरे मारत होते. मग एकदम शवपेटी येते. बर्फ, चर्च, हॅमचे सँडविच, काय बोलावं न कळणारे शेजारी. मी म्हटलं, झालं, म्हाताऱ्याला मारला. आता उरलेल्या वेळात हा काय करणार?

आणि काही सूचना न देता बाबा परत येतात. संगीत नाही, धूसर पडदा नाही, कुणाच्या आठवणीचं निमित्त नाही. ॲप्रन बांधून चेंडूने पाडायच्या लाकडी खुंट्या पुसत बसलेत. उकडलेलं अंडं सोलतात, कागदाच्या पुडीतलं मीठ लावून उभ्या उभ्या खातात. सुनेला चेंडू कसा सोडायचा ते शिकवतात. "फेकू नको गं, सोडून दे. त्याला वाट माहीत आहे." चित्रपटातल्या कुणालाच त्यांच्या असण्याचं आश्चर्य वाटत नाही. फक्त आपल्याला माहीत असतं. शेवटी ते स्वतः एक चेंडू सोडतात, तो सावकाश जात राहतो, आणि पुढच्या क्षणी तोच पट्टा रिकामा, कुलूप उघडून मुलगा आत येतोय.

मी रडले. मी थिएटरात रडत नाही, हा माझा एक छोटा गर्व होता. हॉलिस डावीकडे खोकत होता. बाहेर पडताना म्हणाला, "वारं सुटलंय." मी म्हटलं, "सरोवरावरून येतंय."

आज कॅमेऱ्यासमोर मी आधी तुझं-माझं नातं सांगितलं, मग सगळं वर लिहिलं तसं बोलले. हॉलिस बो-टायशी खेळत ऐकत होता. मग म्हणाला, "मला तर वाटलं प्रोजेक्टर चालवणारा पिऊन आलाय."

"तुम्हाला गोष्ट जेवणाच्या ताटासारखी हवी. आधी सूप, मग मांस, मग गोड."

"बाई, माझी मागणी साधी आहे. मेलेला माणूस मेलेला राहावा. फार मागतोय का मी?"

"फार मागताय. तुमच्या घरचं माणूस गेल्यावर ते पुढच्या आठवड्यात तुम्हाला स्वयंपाकघरात दिसलं नाही?"

हॉलिसने बो-टायवरचा हात काढला.  "दिसलं," तो म्हणाला. "पण मी त्याला तिकीट लावलं नाही."

सगळा स्टुडिओ हसला, मीही. मग मी म्हणाले की ही या वर्षातली घटनांची सगळ्यात धाडसी मांडणी आहे, आणि असं धाडस करणारा माणूस माझा भाऊ आहे हा माझ्या दृष्टीने केवळ योगायोग आहे. वितरक कंपनीची बाई कोपऱ्यात उभी होती. तिने ते वाक्य माझ्याकडून परत म्हणवून घेतलं, जाहिरातीसाठी.

मी स्वतःला विचारलं, ही माझी चार वर्षांची भरपाई तर नाही? प्रामाणिकपणे विचारलं. नाही. मला जे दिसलं त्याचं मी कौतुक केलं. तुझ्या पहिल्या चित्रपटाबद्दलही मी तेवढंच केलं होतं.

आता आईला फोन करते.

बर्नी

•

शुक्रवार, २३ सप्टेंबर

कॉनराड,

सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर पाव पान जाहिरात. वर तुझं नाव, खाली माझं, मध्ये मोठ्या अक्षरांत "घटनांची सगळ्यात धाडसी मांडणी". ग्लिन्स्की आणि ग्लिन्स्की. एखाद्या अंत्यविधीवाल्यांच्या कंपनीसारखं दिसत होतं. मी ते कापून ठेवलं. हे मी कधी करत नाही.

मग आईचा फोन. तुझ्याशी बोलणं झालं म्हणाली. "अगं, तो हसला. चार वर्षांत तुझं नाव काढल्यावर पहिल्यांदा हसला." मग म्हणाली, "पण मध्येच विचारायला लागला, बर्नीने नक्की कुठला चित्रपट पाहिला? मी म्हटलं तुझाच, दुसरा कुणाचा? डोकं फिरलंय का?"

मला ते तुझं लाजणं वाटलं. किती सहज वाटलं.

मी ज्याचं भरभरून कौतुक करते तो चित्रपट तिकीट काढून लोकांबरोबर पुन्हा बघते, हे तुला कदाचित ठाऊक नसेल. हॉलिस त्याला माझं प्रायश्चित्त म्हणतो. दुपारच्या खेळाला गेले. थिएटर तिसरा हिस्सा भरलेलं, दुपारच्या मानाने छान. माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या, एकीने जाहिरात घडी करून आणली होती.

तर सुरुवात झाली, बार झाला, मासे झाले. आणि बाबा खुंट्या पुसायला लागले.

मी आधी काही केलं नाही. मग अंडं आलं. मग उठले, मागे जाऊन व्यवस्थापकाला शोधलं. तरुण माणूस, अंगात थिएटरचा लाल कोट, हातात मक्याच्या लाह्यांचं खोरं.

"तुमची रिळं उलटी लागली आहेत," मी म्हटलं.

"कुठली?"

"तिसरं तुम्ही चौथ्याच्या आधी लावलंत."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, तीन चाराच्या आधीच येतं. निदान आमच्याकडे."

मी त्याला सांगितलं की मी हा चित्रपट पाहिला आहे, उद्या देशभर टीव्हीवर त्याच्याबद्दल बोलणार आहे, आणि दिग्दर्शक माझा भाऊ आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तिन्हींचा काही उपयोग नव्हता. तो सभ्य होता. म्हणाला, "कंपनीने असाच पाठवलाय. मला विचाराल तर छान समजतोय. म्हातारा चेंडू सोडतो, मरतो, मुलगा येतो. यात उलटं काय आहे?"

लॉबीतूनच मंगळवारच्या प्रेक्षागृहाला फोन लावला. तिथल्या माणसाने लपवलं नाही. रिळांच्या डब्यांच्या झाकणांची अदलाबदल झाली होती, संध्याकाळी परत भरताना त्याच्या ध्यानात आलं. "पण बाई, खेळ संपल्यावर कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं कुणाला कळलं नसेल, तर कशाला?"

कुणी बोललं नाही, कारण हॉलिसने हवामानावर बोलायचं आणि मी सरोवरावर, हा आमचा नियम. इतर कुठल्याही दोन माणसांनी दाराबाहेर पडता पडता विचारलं असतं, अरे, तो मेला होता ना?

मी परत आत जाऊन बसले आणि तुझा चित्रपट, तुझा स्वतःचा, शेवटपर्यंत पाहिला. चांगला आहे. स्वच्छ आहे, खोटं काही नाही, त्या नटाने बाबांचा खांदा कुठून आणला देव जाणे. दफनाचा प्रसंग लांब आहे. धाडसी मांडणी त्यात कुठेही नाही. बाबा मरतात आणि मग नसतात.

बाहेर पडताना त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक दुसरीला म्हणाली, "आवडला गं. पण ती धाडसी म्हणते ते काय होतं?" दुसरी म्हणाली, "आपण त्याच वेळी चॉकलेट सोलत असू."

घरी येऊन थेल्माला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बर्नडीन, कुणाचं नुकसान होतंय? चांगल्या चित्रपटाला चांगलं म्हटलंयस. तुझा भाऊ खूश, त्याची कंपनी खूश, तुझी आई खूश. हॉलिससुद्धा खूश, कारण तो चुकीचा ठरलाय हे त्याला मान्यच नाही."

मी हे सगळं तिच्या आधीच स्वतःशी बोलून झाले होते. तुझ्या कंपनीकडे पैसे नाहीत. उद्याच्या आमच्या कार्यक्रमावर चित्रपटाला दुसरा आठवडा मिळतो की नाही ते ठरेल. तू हसलास म्हणे. मी गप्प राहिले तर तू मला परत मिळतोस, आणि खरं बोलले तर दुसऱ्यांदा, सगळ्या देशासमोर, तुझ्या चित्रपटाच्या पायात पाय घालते. हे मला अगदी स्पष्ट दिसतंय. मी स्वतःला फसवत नाहीये की तुला हे आवडेल.

पण त्या म्हाताऱ्या, कॉनराड. उद्या माझं ऐकून लोक येतील ते बाबा परत यायची वाट बघत बसतील. आणि बाबा येणार नाहीत. हे मी कुणाला करू शकत नाही. मला स्वतःला आज दुपारी ते सहन झालं नाही.

थेल्माला म्हटलं, सकाळी येते, माझा भाग पुन्हा घेऊ. ती म्हणाली, "उद्या स्टुडिओत निधी-संकलन आहे. तुला उभं राहायला जागा नाही." मी म्हटलं, बसून बोलेन.

तुझा नंबर आईकडे आहे. मी मागितला नाही. फोन केला असता तर ती तुझी परवानगी मागणं झालं असतं, आणि नाही म्हणालास तरी मी तेच केलं असतं. असल्या परवानग्या मागू नयेत.

बर्नी

•

शनिवार, २४ सप्टेंबर, दुपार

कॉनराड,

झालं. हे पत्र तुला कार्यक्रमानंतर मिळेल, म्हणून तो कसा घडला तेवढं लिहिते.

स्टुडिओभर टेबलं, टेबलांवर टेलिफोन, प्रत्येक टेलिफोनमागे एक स्वयंसेवक. वर्गणी देणाऱ्यांना द्यायच्या छत्र्यांचा ढीग माझ्या खुर्चीवर होता. तो उचलून दोन खुर्च्या भिंतीशी लावल्या. फोन वाजले की थांबायचं, असं ठरलं.

हॉलिसला थेल्माने सकाळी सगळं सांगितलं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही कॅमेऱ्याआधी एका चित्रपटाबद्दल बोललो. तो हॅट न काढता माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "म्हणजे तो खरंच प्रोजेक्टरवाला होता."

"पिऊन नव्हता पण."

"तपशील." आनंदाने त्याचे कान लाल झाले होते. "मी माझ्या भागातलं एक अक्षर बदलणार नाही. कळलं ना? ते जसंच्या तसं जाईल. मी बरोबर होतो ते रेकॉर्डवर राहू दे."

"राहू दे."

"बाई, तुम्ही एवढ्या लवकर मान्य करताय, त्यात मजा नाही."

थेल्माने बुधवारचं भांडण तसंच ठेवलं, आणि त्याच्या शेवटी आजचा भाग जोडला. मी म्हणाले: बुधवारी मी ज्या चित्रपटाबद्दल बोलले त्याची दोन रिळं आम्हाला उलट्या क्रमाने दाखवली गेली होती. थिएटरात तुम्हाला तो तसा दिसणार नाही. जाहिरातीतलं माझं वाक्य विसरून जा. मग मी योग्य क्रमातल्या चित्रपटाबद्दल नव्याने बोलले. चांगला आहे, दफनाचा प्रसंग लांब आहे, मध्यवर्ती नटाला बघायला तरी जा. आणि माझं मत असं की उलटा क्रम जास्त चांगला होता. हे म्हणायचं की नाही यावर मी रात्रभर विचार केला होता. पण ते गाळलं असतं तर अर्धंच खरं झालं असतं.

"थोडक्यात," हॉलिस म्हणाला, "आमच्या बाईंना या वर्षी सगळ्यात जास्त आवडलेला चित्रपट कुणी काढलेलाच नाही."

"हो."

"काढलाय," तो म्हणाला. "तुम्ही काढलात. त्या खुर्चीत बसून."

मला वाटलं तो मला टोमणा मारतोय. मग त्याच्याकडे पाहिलं तर तो मारत नव्हता. तेवढ्यात दोन टेलिफोन एकदम वाजले आणि थेल्माने हात वर केला.

कंपनीच्या बाईने सोमवारपासून जाहिरात मागे घेतली. ती माझ्यावर ओरडली नाही. नुसती म्हणाली, "सख्ख्या भावाला असं कोण करतं?" मी उत्तर दिलं नाही, कारण ती उत्तरासाठी थांबली नव्हती. माझ्याकडे उत्तर आहे. ते तुला या चार पत्रांत लिहिलं आहे.

बर्नी

•

मंगळवार, २७ सप्टेंबर

कॉनी,

रविवारी फोन उचलला तेव्हा मला आधी ओळखूच आलं नाही. तुझा आवाज बाबांसारखा झालाय, घशातून खर्जात.

"बर्नी, तू मूर्ख आहेस."

"कसा आहेस, कॉनी?"

"सोमवारचं पत्र मिळालं. धमकीच होती ती."

"मला तशी शंका आली होती."

"आणि काल बघितलं. चूक झाली ते सांगितलंस, ते ठीक. तुझ्याकडून तेवढं अपेक्षित होतं. पण सगळ्या देशासमोर म्हणतेस, उलटा क्रम जास्त चांगला? तो बो-टायवाला बरोबर आहे! मी त्याच्या बाजूचा आहे!"

"हॉलिस आयुष्यात एकदा बरोबर ठरला आणि तोही झाकणांमुळे."

तू हसला नाहीस. तू एक एक प्रसंग घेऊन मला झोडलंस. दफनानंतर अंडं आलं तर त्या अंड्याचा अर्थच बदलतो. सुनेला शिकवण्याचा प्रसंग मग रडवण्याचं यंत्र होतो. चेंडूनंतर रिकामा पट्टा ही तर स्वस्तातली जादू. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. मला वाटतं दोन ठिकाणी मी जिंकले. एका ठिकाणी, सुनेच्या, तू. मग मी विचारलं की माणसं गेल्यावर परत दिसतात हे खरं असेल तर ते दाखवायला काय हरकत आहे.

तेव्हा तू म्हणालास, "दफनाच्या दिवशी मी विमानतळावर बसलो होतो, बर्नी. बर्फ थांबेना. मी पोचलो तेव्हा वरची मातीसुद्धा गोठली होती. आपण दोघं बारच्या स्वयंपाकघरात उभे होतो आणि तू मला किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सांगत होतीस. मला नाही मिळाले बाबा परत. मग तुला काय म्हणून मिळावेत, त्या छोट्या प्रेक्षागृहात?"

 मला सुचलं ते बरोबर होतं, पण आधी थोडं थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "चित्रपट म्हणजे शिक्षा नव्हे." आणि तू फोन ठेवलास.

मी तिथेच बसले. मला वाटलं, झालं, आणखी चार वर्षं. मी जे केलं त्याचा पश्चात्ताप शोधून पाहिला, सापडला नाही. फक्त वाईट वाटत होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इतक्या स्पष्टपणे आधी माहीत नव्हतं.

मग फोन पुन्हा वाजला.

"आणि ते अंडं मी कापणार होतो!" तू ओरडलास. "संकलन करताना दोनदा काढलं होतं. मिठाच्या पुडीसाठी परत घातलं."

"पुडी कुठल्या कागदाची होती ते लक्षात होतं तुझ्या."

"पेपरातल्या रेसच्या पानाची."

"नेहमी रेसच्या पानाची."

मग तू वेगळ्याच आवाजात विचारलंस, "त्या क्रमात, अंडं खाताना, ते तुला कसे दिसले?"

मी तुला जे सांगितलं ते इथे पुन्हा लिहिते, कारण फोनवर मी ते घाईत बोलले. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, असे दिसले. आपण सगळे हॅमचे सँडविच खाऊन घरी गेलो, आणि ते नेहमीप्रमाणे दुपारी खाली येऊन कामाला लागले, कारण संध्याकाळी लीगचे खेळ होते.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "तरी चुकीचं आहे." आणि मग लीगमधला म्हातारा ट्रेब्लिन्स्की अजून आहे का, बारवर कोण बसतं, माझी खुर्ची अजून टोचते का, असलं विचारलंस. म्हणजे मी लिहिलेलं वाचलं होतंस.

आता माझ्या बाजूचं. काल मी पुन्हा जाऊन आले, तिसऱ्यांदा. थिएटर अर्धं भरलं होतं. व्यवस्थापक म्हणाला की काही लोक येऊन विचारतात, उलटा खेळ किती वाजता असतो? त्याला वाटतं दुसरा आठवडा मिळेल. मी त्यावर अवलंबून राहणार नाही, तूही राहू नकोस.

या वेळी मी दफनाच्या प्रसंगाकडेच नीट पाहिलं. लोक एक एक करून मूठभर माती टाकतात आणि तू प्रत्येकाचा हात दाखवतोस. प्रत्येकाचा. पहिल्या दोन वेळा मी तिथे घड्याळाकडे पाहिलं होतं. काल मला कळलं की सगळे हात संपल्यावरही कॅमेरा तिथेच का थांबतो. तो कुणाची तरी वाट बघतोय.

तो प्रसंग कुणासाठी लांब आहे ते आता मला कळलं. तरीही लांब आहे.

यावर तुझं काय म्हणणं असेल ते मला आत्ताच ऐकू येतंय, आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर आहे. ते मी इथे लिहीत नाही. रविवारी फोन कर. पत्रात तुला मध्येच तोडता येत नाही.

बर्नी